उत्तम शेऱ्याचं जेवण

तीर्थरूप ताईंना,

गुडघे सध्या वाकायला तयार नाहीत, म्हणून हा नमस्कार खुर्चीत बसूनच करते आहे. तो जमिनीला कपाळ टेकवून केला असं आपण समजून घ्यावं. तुमची कंबर आता कशी आहे? भाऊजींच्या कानाला यंत्र बसवलं असं कळलं. आता त्यांना सगळं ऐकू येतं म्हणे. (अभिनंदन कुणाचं करायचं आणि सांत्वन कुणाचं, हे तुम्हीच कळवा.) तुम्ही विणलेले मोजे पोचले. एक मला नेमका बसतो आणि दुसरा यांना, त्यामुळे वाटणी भांडणाशिवाय झाली. माझे गुडघे सोडले तर आम्ही दोघंही तब्येतीने ठणठणीत आहोत. 'तब्येतीने' हा शब्द मुद्दाम घातला आहे, कारण बाकीच्या बाबतीत या घरात काय चाललंय ते सांगायलाच हे पत्र.

फोनच करणार होते. पण आमचं घर दोन खोल्यांचं, मधली भिंत नावापुरती, आणि जिच्याविषयी बोलायचं ती व्यक्ती भिंतीपलीकडे टेबलाशी बसलेली. शिवाय फोनवर तुम्ही 'बरं, ठेवते' याच्यापुढे कधी गेला नाहीत. म्हणून लिहिते. समोरचे टेम्पोवाले बुधवारी सकाळी कपाटं घेऊन तुमच्याकडेच येणार आहेत, त्यांच्या हाती पत्र देईन. त्यांना चहा द्या, पण बसायला सांगू नका. ते उठत नाहीत.

तर पलीकडच्या खोलीत तुमचे बंधू शुक्रवारपासून स्वतःविरुद्ध तक्रार लिहीत आहेत. थट्टा नाही. हा तिसरा कच्चा खर्डा. त्यात स्वतःला त्यांनी 'सदर इसम' म्हटलं आहे, आणि सदर इसमावर कडक कारवाई व्हावी अशी नम्र विनंती केली आहे. गुरुवारी हा कागद साहेबांच्या टेबलावर जाणार. गेला, की यांची सव्वीस वर्षांची स्वच्छ नोकरी डागाळणार, एका बाईचं चालतं हॉटेल चौकशी संपेपर्यंत बंद होणार (यांच्या खात्यातली चौकशी कधी संपलेली तुम्ही ऐकली आहे का?), आणि आमच्या दोघांच्या संसारातली जी एकमेव गोष्ट आम्ही न भांडता सांगतो, तिच्यावर 'रद्द' असा शिक्का बसणार. (एक खुलासा. या पत्रात ते शहाण्यासारखे वागले असतील तिथे 'आमचे हे' लिहिते आणि नसतील तिथे 'तुमचे बंधू'. कुठलं किती वेळा आलं ते मोजत बसू नका.)

यांचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. उपाहारगृहांच्या मोरीत वाकून बघायचं, पातेल्यांची झाकणं उचलायची, आचाऱ्याची नखं तपासायची आणि छापील कागदावर शेरा मारायचा. शेरे पाच: उत्तम, चांगले, समाधानकारक, बरे आणि बंद करावे. सव्वीस वर्षांत यांनी 'उत्तम' किती जणांना दिलं असेल? एकाला. गावातला सगळ्यात मोठा हॉटेलवाला, ज्याच्याकडे संगमरवरी फरशी आणि पाहुण्यांचे हात पुसायला वेगळा माणूस आहे, तो बिचारा 'चांगले'वर अठरा वर्षं अडकून आहे. घरीही तोच कायदा. माझ्या स्वयंपाकाला चोवीस वर्षांत 'चांगले' तीन वेळा मिळालं, आणि त्यातलं एकदा शेजारणीने पाठवलेलं होतं. कुणाकडे जेवायला गेलो की हे आधी भांडी पुसायचं फडकं बघतात, मग यजमानांकडे. मला तर लग्नाच्या बोलणीतच संशय आला होता. मी सरबत आणलं, तर या गृहस्थांनी ग्लास उजेडाकडे धरून आरपार पाहिलं. मला वाटलं, लाजतायत म्हणून तोंडासमोर धरलाय!

ते एकमेव 'उत्तम' कुठलं, हेही तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही दोघांनी मिळून तुम्हाला ते किमान अकरा वेळा ऐकवलं असेल. मी बटाट्यांपर्यंत आणते आणि तिथून पुढे हे घेतात. आता बारावी वेळ सोसा, कारण आजवर ऐकलंत त्यात एक मोठी चूक होती आणि ती आम्हालाच ठाऊक नव्हती.

लग्नाला चार दिवस झाले होते. यांची पहिली बदली, म्हणून आम्ही दोन ट्रंका आणि एक गादी घेऊन बसने निघालो होतो. चार दिवसांत आमचं जे काही बोलणं झालं होतं ते 'खिडकी उघडू का' आणि 'लावू का' एवढंच. दुपारी भर उन्हात बसच्या इंजिनातून वाफ यायला लागली. ड्रायव्हर उतरला, त्याने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि सरळ झाडाखाली जाऊन आडवा झाला. (एवढा प्रामाणिक मेकॅनिक मी पुन्हा पाहिला नाही.) दोन तास तरी लागणार असं कळलं. तुम्ही बांधून दिलेला डबा ट्रंकेत होता, ट्रंक टपावर होती, आणि टपावरच्या ट्रंकेवर दुसऱ्या कुणाची तरी शिवणयंत्रं होती. मला भूक अशी लागलेली की समोरची खडीसुद्धा फुटाण्यासारखी दिसायला लागली. पण नवी नवरी, सांगणार कुणाला? मी आपली खिडकी उघडत होते आणि लावत होते.

तेवढ्यात यांना पुढच्या वळणावर धूर दिसला. जाऊन बघतो तर दोन डांबराच्या पिंपांवर टाकलेली फळी, हे झालं बाकडं. वर ताडपत्री. तीन दगडांवर मोठं पातेलं, शेजारी घासून पालथ्या घातलेल्या टवके उडालेल्या थाळ्या, आणि रस्त्याच्या कडेला लाल अक्षरांत भली मोठी पाटी: 'थांबा'. तुमचे बंधू म्हणाले, 'बघ, आडरानात असूनसुद्धा पाटी लावलीय. शहरातल्यांना सांगून सांगून लावत नाहीत.' आणि फळीवर बसून, पुढे पाय पसरून, माझ्यावर छाप पडावी अशा आवाजात त्यांनी सांगितलं, 'दोन ताटं!'

चुलीपाशी माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी एक बाई होती. तिने एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि वाढलं. भात, वाटाण्याचा पातळ रस्सा, आणि निखाऱ्यांत खुपसून ठेवलेले बटाटे. ते तिने बोटांनी बाहेर काढले, फुंकर मारून राख उडवली, मुठीने फोडले आणि वर खडं मीठ टाकलं. न गळणारी थाळी एकच निघाली म्हणून मला पातेल्याच्या झाकणात मिळालं. ताई, त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी जेवले, तुमच्याकडेही जेवले, राग मानू नका. पण त्या बटाट्याची साल जिथे थोडी करपली होती, तिथे जी चव होती ती पुन्हा कुठे मिळाली नाही. आणि हे! हे जे गृहस्थ पाणीसुद्धा तीन घोटांत तपासून पितात, ते मान खाली घालून जेवत होते. मध्येच डोकं वर करून त्यांनी मला विचारलं, 'तुला अजून हवाय बटाटा?' आमच्या लग्नातलं पहिलं धड वाक्य. लग्न होऊन चार दिवस झाले होते, पण नवरा मला मिळाला तो त्या झाकणातल्या जेवणावर, असं मी उगीच म्हणत नाही.

इथपर्यंत माझी हद्द. इथून पुढे हे सांगतात: जेवण झाल्यावर आपण पिशवीतून शेऱ्यांचं पुस्तक कसं काढलं (हो, नव्या बायकोबरोबरच्या प्रवासात या माणसाने शेऱ्यांचं पुस्तक हाताशी ठेवलं होतं, डबा टपावर, पुस्तक मांडीवर) आणि रीतसर तपासणी कशी केली. नखं पाहिली. पाण्याचं पिंप पाहिलं. मग चौकशी.

'धंदा किती दिवस चालू आहे?'

'आजच आलो की. आठवडाभर असू.'

'रोज किती माणसं जेवतात?'

'नऊ. मुकादम जेवला तर दहा.'

'वाढवा, वाढवा. हाताला चव आहे तुमच्या. मालक कुठे आहेत?'

'तो काय, रोलरच्या सावलीत झोपलाय.'

तुमच्या बंधूंनी सगळं लिहून घेतलं. उपाहारगृहाचे नाव: थांबा. भांडी: स्वच्छ. चव: उत्तम. वागणूक: उत्तम. सूचना: बसण्याची सोय वाढवावी. एकूण शेरा: उत्तम. खाली सही. त्या काळी सहीच्या शेवटी एक शेपूट काढायचे, तेही काढलं. बाई पैसे घेईना, तेव्हा यांना तो तपासनिसाला लाच देण्याचा प्रकार वाटला आणि हे तिच्यावर असे काही चिडले की तिने घाबरून घेतले. मग कागद फाडून तिच्या हातात दिला आणि आम्ही बसकडे परत निघालो. वाटेत हे शीळ घालत होते. नंतरच्या चोवीस वर्षांत यांना शीळ घालता येते याचा दुसरा पुरावा मिळालेला नाही.

आता परवाचं. गेल्या गुरुवारी यांच्या हाताखालच्या कारकुनाच्या लग्नाला निघालो. बस त्याच रस्त्याची. चोवीस वर्षांत त्या बाजूला जाणंच झालं नव्हतं, कारण रजा मागणं म्हणजे तुमच्या बंधूंना चोरी वाटते. मी तर खिडकीला नाक लावून बसले होते. म्हटलं, ताडपत्री थोडीच असणार आहे, पण निदान वळण तरी दिसेल. आणि वळणावरच बस थांबली. कंडक्टर ओरडला, 'थांबा! वीस मिनिटं, जेवून घ्या!' उतरून पाहिलं, तर पक्कं बांधलेलं हॉटेल, बाहेर गंजलेला रोडरोलर उभा आणि वर पाटी, थांबा उपाहारगृह. आत चाळीस माणसं बसतील एवढी बाकडी. आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, पिवळा पडलेला एक कागद. शेपटासकट.

ताई, मला रडूच आलं. यांनी चष्मा पुसला, कागद वाचला, परत पुसला, परत वाचला. गल्ल्यावरच्या मावशी (सगळे त्यांना मावशीच म्हणतात, केस पांढरे झालेत, बाकी तशाच) हातातलं काम टाकून बाहेर आल्या. यांना ओळखायला त्यांना एक क्षण लागला नाही. जागेवरून ओरडल्या, 'अगं बाई! दोन ताटंवाले साहेब!'

आणि मग आख्ख्या बससमोर त्यांनी ती गोष्ट सांगितली, म्हणजे त्यांच्या बाजूची. ती तुम्हाला त्यांच्याच शब्दांत सांगते. 'अहो, हॉटेल कुठलं हो साहेब? आम्ही रस्त्याची माणसं. डांबर टाकणारी टोळी होती आमची, नऊ जणांची, आणि मी त्यांची भाकरतुकडा करणारी. ती पाटी गाड्यांसाठी होती! तुम्ही आलात, बसलात आणि म्हणालात दोन ताटं. इतक्या रुबाबात म्हणालात की मला वाटलं, वरून हुकूम आला असेल. मग वाढलं. नखं दाखवा म्हणालात, दाखवली. म्हटलं, असेल बाई, डांबराच्या कामात नखं बघत असतील.'

बसमधली माणसं इतकी हसली की एकाला ठसका लागला आणि ड्रायव्हरने त्याच्या पाठीत गुद्दे घातले. मीही हसले. खोटं कशाला सांगू, खांबाला धरून हसले. मावशी पुढे सांगत होत्या. आम्ही गेल्यावर मुकादमाने तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. टोळीने आठवडाभर मावशींना 'उत्तमबाई' म्हणून हाका मारल्या. पण मावशी रोज दुपारी मुकादमाला म्हणायच्या, वाच रे पुन्हा. वाचून वाचून पाठ झाला. टोळी पुढच्या रस्त्याला निघाली तेव्हा मावशी म्हणाल्या, मी नाही येत. शिकलेल्या, अनोळखी माणसाने जेवून लिहून दिलंय, आणि मी काय आयुष्यभर पिंपांशेजारी रांधत बसू? ताडपत्री ठेवून घेतली, फळी ठेवून घेतली, मोडका रोलर मुकादमच सोडून गेला. 'आणि साहेब, सूचना पाळली हं तुमची,' म्हणत त्यांनी बाकड्यांवरून हात फिरवला. 'बसण्याची सोय वाढवली.'

मला वाटलं, आता हे फुलून येणार. मी वळून पाहिलं, तर तुमचे बंधू पांढरेफटक. समोर मावशींनी स्वतः आणून ठेवलेली थाळी, थाळीत बटाटे, वर मीठ. आणि हे हात मांडीवर ठेवून बसलेले. एक घास खाल्ला नाही. चोवीस वर्षं ज्या बटाट्याची आठवण काढली तो वाफाळत समोर होता आणि सदर इसम म्हणाले, 'मी अस्तित्वात नसलेल्या उपाहारगृहाला दाखला दिला.' मावशींचा चेहरा असा पडला, ताई, की मी माझी थाळी संपवून यांचीही संपवली. (त्यात भुकेचा भाग किती आणि मावशींच्या समाधानाचा किती, ते विचारू नका.) मग लग्नाला पोचलो. नवऱ्या मुलाने पाया पडून आशीर्वाद मागितला तर म्हणाले, 'कुठल्याही कागदावर नीट वाचल्याशिवाय सही करू नकोस.' तिथे ते दोघं लग्नाच्या नोंदीवर सही करायलाच निघाले होते!

तेव्हापासून घरात ही अशी अवकळा आहे. मी समजावून पाहिलं. मी स्वतः पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसते. एकवीस वर्षं लोकांना 'बघतो, करतो, होईल' सांगून घरी पाठवण्याचा पगार घेते. माणसाला तक्रारीपासून परावृत्त करणं हा माझा धंदाच आहे. पण जो स्वतःविरुद्धच तक्रार घेऊन आलाय त्याला काय सांगणार? म्हटलं, 'अहो, त्या कागदाने कुणाचं पोट बिघडलं का?' म्हणाले, 'प्रश्न पोटाचा नाही.' सव्वीस वर्षं पोटाचा प्रश्न सोडून दुसरं काही न केलेला माणूस! म्हटलं, 'ती बाई इतकी वर्षं त्या कागदाच्या जोरावर उभी आहे.' तर म्हणाले, 'म्हणूनच. मी अठरा वर्षं त्या संगमरवरवाल्याला सांगतो, शेरा फुकट मिळत नाही. आता त्याच्या डोळ्याला डोळा कसा भिडवू?' तेवढ्यापुरते ते आमचे हे होते, मान्य करते.

असो. पत्र लांबलं. भाऊजींना नमस्कार सांगा, आता मोठ्याने सांगायची गरज नसावी. तुमची कंबर सांभाळा, ओझी उचलू नका, टेम्पोवाल्यांना कपाटं उचलू द्या.

तुमची भावजय

ता. क. एवढं सगळं लिहिलं ते केवळ हकिगत म्हणून, असं तुम्हाला वाटलं असेल तर तुम्ही मला ओळखलं नाहीत. काम आहे. या माणसाला जगात एकाच व्यक्तीची भीती वाटते, आणि ती व्यक्ती हे पत्र वाचते आहे. बुधवारी पत्र मिळाल्याबरोबर फोन करा आणि 'बरं, ठेवते'च्या आधी एकच वाक्य म्हणा: तो कागद फाडून टाक. कारण विचारलं तर सांगू नका. लहानपणीही तुम्ही कधी सांगितलं नव्हतं म्हणे, आणि त्याचाच धाक अजून टिकून आहे. माझं नाव येता कामा नये.

ता. क. २. आज मंगळवार, संध्याकाळ. फोन करू नका! सोमवारी तुमच्या बंधूंनी नियमांचं पुस्तक उघडलं, तर तक्रारीसोबत मूळ दाखला जोडणं बंधनकारक निघालं. म्हणजे मावशींच्या भिंतीवरून तो काढून आणणं आलं. यांनी रजा घेतली. (साहेबांना वाटलं, कुणीतरी गेलं.) मीही खिडकीवर 'आज तक्रारी स्वीकारल्या जाणार नाहीत' अशी पाटी लावली आणि बरोबर गेले. आज सकाळी तिथे पोचलो. हे गल्ल्यासमोर ताठ उभे राहून म्हणाले, 'तो दाखला मला परत हवा आहे. तो चुकून दिला गेला.'

मावशींनी पदराला हात पुसले. म्हणाल्या, 'बसा आधी.' हे बसले नाहीत. मावशी भिंतीकडे न बघता पाठ म्हणायला लागल्या.

'भांडी: स्वच्छ. होती का नव्हती?'

'होती,' हे म्हणाले.

'चव: उत्तम. होती का नव्हती? खरं सांगा हं, सरकारी माणूस आहात.'

यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, 'होती.'

'वागणूक: उत्तम. मी काय शिव्या दिल्या होत्या तुम्हाला?'

'नाही हो. पण ते उपाहारगृहच नव्हतं!'

'आता आहे ना?' मावशी म्हणाल्या. 'तुम्ही कागद वेळेवर दिलात, हॉटेल काढायला मला दीड वर्ष लागलं. उशीर माझा झाला, साहेब. त्यात तुमची काय चूक?'

ताई, मी एकवीस वर्षं तक्रार खिडकीवर बसते, पण असं निकालात काढलेलं प्रकरण पाहिलं नाही. नियमांच्या पुस्तकात याला उत्तर नसावं, कारण तुमच्या बंधूंनी पिशवीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. शेवटी म्हणाले, 'मग आज रीतसर तपासणी करावी लागेल.' मावशी म्हणाल्या, 'करा की. चोवीस वर्षं वाट बघतेय, कुणी फिरकलं नाही.' एक तास तपासणी चालली. मोरी पाहिली, झाकणं उचलली, मावशींनी न सांगताच नखं पुढे केली. मिठाच्या बरणीला झाकण नाही आणि भिंतीच्या एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं आहे, असे दोन दोष निघाले. शेरा: समाधानकारक. यांनी तो कागद जड मनाने पुढे केला. मावशींनी माझ्याकडून वाचून घेतला, घडी घातली आणि सुट्या पैशांच्या डब्यात तळाशी ठेवला. म्हणाल्या, 'हा इथेच बरा. भिंतीवर जागा एकाचीच आहे.'

मग आमचे हे बसले. आणि जेवले. पाच बटाटे, ताई, मी मोजले. दोन मागून घेतले. येताना अजून चार बांधून घ्यायचे होते, कागद सापडेना, तर यांनी पिशवीतून सदर इसमाच्या तक्रारीची सहा पानं काढली आणि गरम बटाटे त्यांत गुंडाळून मांडीवर घेतले. बसमध्ये ऊब लागत होती म्हणाले. त्यांतला एक तुमच्यासाठी ठेवला होता, पण टेम्पोवाल्यांच्या हाती पाठवण्यात अर्थ नाही.

ता. क. ३. हे शेवटचं, आणि हे वाचून पत्र चुलीत घाला. टेबलाच्या खणात ठेवू नका, तिथे भाऊजी हात घालतात. खरी विनंती ही आहे की यातलं पुढचं आयुष्यात कधी यांना कळू देऊ नका. ते हॉटेल नाही, हे मला त्याच दुपारी कळलं होतं. आमची ताटं भरल्याबरोबर मावशींनी रस्सा वाढवायला पातेल्यात दोन तांबे पाणी ओतलं. हॉटेलवाला ते आत जाऊन ओततो, गिऱ्हाइकासमोर नाही. मी पाहिलं, आणि मी पाहिलेलं मावशींनीही पाहिलं, आणि आम्ही दोघी काही बोललो नाही. परवा आख्ख्या बसला गोष्ट सांगताना त्यांनी मला यातून अलगद वगळलं, आणि आज निघताना माझ्या हातात एक बटाटा जास्तीचा दिला. तुम्ही विचाराल, तेव्हाच का सांगितलं नाहीस, एवढा मनस्ताप वाचला असता. ताई, एक तर मला भूक लागली होती. आणि दुसरं म्हणजे, लग्नाच्या चौथ्या दिवशी माझा नवरा माझ्याशेजारी बसून पहिल्यांदाच कशाला तरी 'उत्तम' म्हणत होता. मी मध्ये बोलून शेरा बदलून घेणार होते होय?